बंड कोणाचे, शब्द कोणाचा?

निवडणुकीच्या हंगामात मराठी वृत्तपत्रे उघडली की 'बंडखोर' हा शब्द पानोपानी भेटतो. पक्षाने उमेदवारी नाकारली म्हणून अपक्ष अर्ज भरणारा तो बंडखोर. त्याने अर्ज मागे घेतला की त्याचे बंड शमले. ज्या शब्दापायी एकेकाळी माणसे फासावर गेली, तो शब्द आज तिकीटवाटपाच्या रुसव्याफुगव्यापुरता उरला आहे. शब्द झिजतात, यात नवल नाही. परंतु सत्तेविरुद्ध लोक उठतात तेव्हा त्या उठण्याला काय म्हणावे, हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नसतो. मराठीत 'नाव ठेवणे' म्हणजे बारसे करणे आणि 'नावे ठेवणे' म्हणजे दोष देणे. लोकांच्या उठावांच्या इतिहासात ही दोन्ही कामे बहुधा एकाच हाताने झालेली आहेत.

आम्हां परदेशस्थ आंबेडकरी कुटुंबांना या प्रश्नाला रोजच्या व्यवहारात सामोरे जावे लागते. आमची मुले अमेरिकेतील शाळांत इतिहास शिकतात. 'रिव्होल्ट', 'रायट', 'रिबेलियन', 'रेव्होल्यूशन' या शब्दांतील भेद त्यांना पाठ्यपुस्तकातून कळतो. आपल्या पूर्वजांनी १९२७ साली महाडच्या तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले, हे त्यांना सांगताना यांतील कोणता शब्द वापरावा, हे मात्र पाठ्यपुस्तक सांगत नाही; ते आपल्यालाच ठरवावे लागते. आमच्यापैकी अनेकांचा व्यवसाय संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा आहे. तिथे एखाद्या गोष्टीला एकदा चुकीचे नाव पडले की पुढे येणारा प्रत्येक जण तिच्याविषयी चुकीचा समज करून घेतो. इतिहासातही याहून वेगळे घडत नाही.

प्रथम 'बंड' हा शब्दच पाहू. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस पुरंदरच्या परिसरातील उमाजी नाईक इंग्रजांच्या हाती लागले आणि १८३२ च्या फेब्रुवारीत त्यांना पुण्यात फाशी देण्यात आली. त्याच १८३१ साली, ऑगस्ट महिन्यात, अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात नॅट टर्नर नावाच्या गुलाम माणसाने आपल्या सोबत्यांसह मालकांविरुद्ध शस्त्र उचलले. नोव्हेंबरात तोही फासावर गेला. या घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तरीही दोन्हींकडे सत्तेने नाव ठेवण्याची रीत एकच होती. इकडे 'रामोश्यांचे बंड' झाले, तिकडे 'गुलामांचे बंड' झाले. कोणी केले, ते नावात आले. कशासाठी केले, ते आले नाही.

उमाजी नाईकांचे घराणे पुरंदर किल्ल्याच्या रखवालीचे वंशपरंपरागत काम करणारे. १८१८ साली पेशवाई बुडाली, किल्ले इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि रखवालदारांचे हक्क गेले. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांनी उठाव केला, त्यामागेही गडांच्या चाकरीशी जोडलेल्या पिढीजात हक्कांचाच प्रश्न होता. आपण गेलेला हक्क परत मागत आहोत, अशी या लोकांची धारणा असणार. परंतु 'बंड' या शब्दात मागणीला जागा नाही. तो शब्द उच्चारला की राज्य हे मूळचे, स्थिर आणि योग्य ठरते. उठणारा तेवढा त्याला लागलेला विकार ठरतो. व्हर्जिनियात तर टर्नरनंतर कृष्णवर्णीयांना लिहायला-वाचायला शिकवण्यावर कायद्याने अधिक कडक बंदी आली. गुलामांच्या हाती अक्षर आले की ते आपल्या उठण्याला स्वतः नाव देतील, ही भीती त्या कायद्यांमागे नव्हती असे म्हणवत नाही.

१८५७ च्या नावाचा प्रवास याहून वेगळा आहे, आणि म्हणूनच तो उद्बोधक आहे. इंग्रजांनी त्याला 'म्यूटिनी' म्हटले. या शब्दाचा अर्थ लष्करी शिस्तीचा भंग एवढाच. म्हणजे जे घडले ते छावणीच्या आत घडले, देशाशी त्याचा संबंध नाही. मराठीत त्याचे 'शिपायांचे बंड' झाले. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या धामधुमीत उत्तरेत होते आणि त्यांनी झांशीचा वेढा प्रत्यक्ष पाहिला. त्यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली छापले गेले, तेव्हा त्याच्या नावात '१८५७ च्या बंडाची हकीकत' असेच शब्द होते. वास्तविक राणी लक्ष्मीबाईंविषयी लेखकाच्या मनात आदरच होता. पुढे दोनच वर्षांनी, १९०९ साली, सावरकरांच्या ग्रंथाने त्याच घटनेला 'स्वातंत्र्यसमर' म्हटले. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली शताब्दी साजरी झाली, ती सरकारी इतमामाने. शिस्तभंगापासून स्वातंत्र्ययुद्धापर्यंत अशी या एका घटनेची पदोन्नती शंभर वर्षांच्या आत झाली.

ही पदोन्नती कोणाच्या दृष्टीने झाली, हा प्रश्न जोतीराव फुल्यांच्या वाचकांना पडल्याशिवाय राहत नाही. १८५७ चा लढा यशस्वी झाला असता तर शूद्रातिशूद्रांच्या पायांतील बेड्या तुटल्या असत्या, असे जोतीरावांना वाटत नव्हते. पेशवाई परत येणे म्हणजे स्वातंत्र्य येणे, हे समीकरण त्यांना मान्य नव्हते. म्हणजे एकाच घटनेला परका राज्यकर्ता 'बंड' म्हणतो, देशी उच्चवर्ण 'स्वातंत्र्यसमर' म्हणतो आणि ज्यांना दोन्ही राज्यांत पाणवठ्यावर जागा नाही ते तिसऱ्याच ठिकाणी उभे राहून दोन्ही नावांकडे पाहतात. आंबेडकरी इतिहासदृष्टीचा आरंभ या तिसऱ्या जागेपासून होतो.

आता याच्या शेजारी १८७५ ठेवू. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. पाहता पाहता हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाला एक गोष्ट ठळकपणे आढळली : लोकांचा रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. सावकाराने खतपत्रे मुकाट्याने हवाली केली, तिथे सहसा हिंसा झाली नाही. कागद जाळायचे, माणूस नाही, इतका विवेक असलेली ही कृती होती. कापसाचे भाव कोसळलेले, सरकारी शेतसारा वाढलेला आणि कोर्टाचे हुकूमनामे सावकाराच्या बाजूने. या तिहेरी फासातून ती जन्मली. तिचा परिणामही झाला. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जापासून संरक्षण देणारा कायदा झाला. इतका हेतू, इतका संयम आणि इतके फलित असूनही इतिहासात या घटनेचे नाव 'दख्खनचे दंगे' असेच राहिले. १८५७ चे 'बंड' पदोन्नती पावून 'समर' झाले. शेतकऱ्यांच्या उठावाला 'बंड' एवढाही मान मिळाला नाही. कारण १८५७ ला राजे होते, पेशव्यांचे वारस होते आणि पुढे त्यांच्या बाजूने लेखणी चालवणारेही होते. सुप्याच्या बाजारात जमलेल्यांपैकी कोणी आपली हकीकत लिहून ठेवली नाही.

'दंगा' आणि 'दंगल' या शब्दांचा दुसरा धोका याहून मोठा आहे. दंगल म्हटले की दोन बाजू आल्या, दोघांचीही चूक आली आणि मार खाणारा व मारणारा एका ओळीत उभे राहिले. महाराष्ट्र विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव संमत केला, तेव्हा मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जळाली, माणसे मारली गेली, कुटुंबे गाव सोडून गेली. त्याला 'मराठवाड्यातील दंगली' म्हणण्याचा प्रघात पडला. ज्यांची घरे जळाली ते त्या नावामुळे दंगलीतील एक पक्ष ठरले.

आम्ही ज्या देशात राहतो तिथेही हे घडले आहे. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात ३१ मे आणि १ जून १९२१ रोजी गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वसाहत जाळून टाकली. हजाराहून अधिक घरे भस्मसात झाली. त्या हत्याकांडाला दशकानुदशके 'टल्सा रेस रायट' म्हटले गेले. विम्याच्या करारांत दंगलीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मिळणार नाही असे कलम होते. घटना 'रायट' ठरली आणि बेघर झालेल्यांचे विम्याचे दावे फेटाळले गेले. 'मॅसॅकर', म्हणजे हत्याकांड, हा शब्द अधिकृत व्यवहारात रुळायला जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. शब्दाने घर जळत नाही, हे खरे. परंतु जळालेल्या घराची भरपाई शब्दाने अडते.

या पार्श्वभूमीवर महाड समजून घेतले पाहिजे. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपल्या ठरावाने चवदार तळे सर्वांना खुले केले. प्रत्यक्षात तीन वर्षे कोणी अस्पृश्य तळ्यावर जाऊ शकला नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी शिस्तबद्ध रीतीने तळ्यावर गेले. त्यांनी पाणी घेतले आणि ते मंडपाकडे परतले. मग हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि काठ्या घेतलेल्या जमावाने जेवायला बसलेल्या प्रतिनिधींवर, रस्त्यांत सापडलेल्या बायाबापड्यांवर हल्ला केला. प्रतिकाराची ताकद असूनही बाबासाहेबांनी आपल्या लोकांना आवरले.

यात बंड कोणी केले? कायदेमंडळाचा ठराव अस्पृश्यांच्या बाजूने होता आणि नगरपालिकेचाही. ते गेले ते दिलेल्या हक्काचा उपयोग करायला. राज्याने मान्य केलेली गोष्ट बळाने हाणून पाडली ती हल्लेखोरांनी. कायद्याच्या भाषेत बंड झालेच असेल तर ते काठी घेतलेल्यांचे होते. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, म्हणजे संस्थेने हल्लेखोरांपुढे मान तुकवली. न्यायालयीन लढाई दहा वर्षे चालली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

म्हणूनच बाबासाहेबांनी महाडसाठी कोणते शब्द निवडले, हे पाहण्यासारखे आहे. 'सत्याग्रह' हा शब्द त्या काळी गांधीजींच्या चळवळीमुळे सर्वतोमुखी झाला होता. त्यांनी तो घेतला आणि स्वकीयांच्या अन्यायाविरुद्ध वापरला. 'बहिष्कृत भारता'त लिहिताना त्यांनी महाडला 'धर्मसंगर' म्हटले. संगर म्हणजे युद्ध. भांडण तळ्याचे दिसत असले तरी खरा वाद धर्माचा आहे, हे त्या एका शब्दाने उघड केले. ज्या सत्तेला आव्हान दिले गेले ती मुंबई सरकारची नव्हती. ती मनुस्मृतीची होती, आणि तिचा अंमल कोणत्याही सरकारी खात्याविना गावोगाव चालत होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी दुसऱ्या महाड परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. सुप्याच्या शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले होते. महाडला जाळला गेला तो सर्वांत जुना कर्जरोखा होता. त्यात जन्मालाच तारण धरले होते आणि फेडीची मुदत कधीच संपत नव्हती.

त्या परिषदेतील भाषणात बाबासाहेबांनी १७८९ साली व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच प्रतिनिधींच्या सभेचे उदाहरण दिले. कोकणातील एका लहान गावी, पाण्यालाही मोताद केलेल्या लोकांपुढे फ्रान्सचा दाखला देणे अनेकांना अतिशयोक्त वाटले असेल. परंतु त्यामागे नेमका विचार होता. चवदार तळ्याचे पाणी पिऊन आपण अमर होणार नाही. आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी, समतेची मुहूर्तमेढ रोवण्यासाठी ही सभा आहे, असे त्यांनी सांगितले. सामाजिक क्रांती शांततेने होईल की रक्तपाताने, हे विरोधकांच्या वागण्यावर अवलंबून राहील, असेही त्यांनी बजावले. बॅस्टिल पडल्याची वार्ता ऐकून सोळाव्या लुईने हे बंड आहे काय, असे विचारले आणि त्याच्या सरदाराने, नाही महाराज, ही क्रांती आहे, असे उत्तर दिले, अशी आख्यायिका सांगितली जाते. राजाला फक्त आपल्याविरुद्ध काय चालले आहे ते दिसत होते. नवे काय उभे राहत आहे, ते सरदाराला दिसले.

'क्रांती' हा शब्दही पाहण्याजोगा आहे. क्रम् म्हणजे पाऊल टाकणे, ओलांडणे. सूर्याच्या भासमान मार्गाला आपण क्रांतिवृत्त म्हणतो आणि सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत गेला की संक्रांत होते. इंग्रजी 'रेव्होल्यूशन' हा शब्दही पूर्वी ग्रहगोलांच्या भ्रमणासाठी वापरला जाई. कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथाच्या नावात तो आहे. दोन्ही भाषांत हा शब्द आकाशातून माणसांच्या जगात उतरला. बाबासाहेबांनी तो प्राचीन भारताच्या इतिहासाला लावला. 'प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती' हे त्यांचे लेखन अपुरे राहिले आणि १९८७ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनाच्या तिसऱ्या खंडात ते छापले. त्यात बुद्धाचा उदय ही क्रांती आहे आणि पुष्यमित्र शुंगानंतरचा ब्राह्मणी विजय ही प्रतिक्रांती आहे. बुद्धाने कोणाचे सिंहासन उलथवले नाही. माणसांनी एकमेकांकडे पाहण्याची रीत पालटली. या व्याख्येनुसार पेशवाई परत आणू पाहणारे युद्ध कितीही शौर्याचे असले तरी क्रांती ठरत नाही, आणि तळ्यावर शांतपणे पाणी पिणे क्रांती ठरते.

बाबासाहेबांच्या पश्चात 'विद्रोह' हा शब्द पुढे आला. त्याच्या पोटात 'द्रोह' आहे. स्वामिद्रोह, राजद्रोह, देशद्रोह ही त्याची भावंडे. १८९७ साली टिळकांवर खटला झाला तो राजद्रोहाचाच. असा आरोपीच्या पिंजऱ्यातला शब्द दलित लेखकांनी उचलला आणि तो आपली ओळख म्हणून वापरला. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. तिचे नाव १९६६ साली ओकलंडमध्ये उभ्या राहिलेल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले होते. १९९९ साली धारावीत भरलेल्या पहिल्या विद्रोही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष बाबुराव बागूल होते. ज्या व्यवस्थेने आपल्याशी कधी इमान राखले नाही तिच्याशी द्रोह हा दोष कसा, असा त्यामागचा सवाल होता, आणि तो रास्त होता.

तरीही विद्रोह हा शेवटचा शब्द मानता येत नाही, आणि ते बाबासाहेबांमुळेच. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी सांगितले की घटनात्मक मार्ग खुले असताना रक्तरंजित मार्ग तर सोडलाच पाहिजे, परंतु कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रहही सोडले पाहिजेत. महाडचा सत्याग्रही हे बोलत होता. त्याच भाषणात त्यांनी दुसरा इशारा दिला : राजकारणात समता आणि समाजात विषमता हा विरोध लवकर मिटला नाही, तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीचा हा डोलारा उद्ध्वस्त करतील. या दोन विधानांत काहींना विसंगती दिसते. आम्हांला ती एकाच कराराची दोन कलमे वाटतात. लोकांनी रस्ता सोडावा, पण तेव्हाच, जेव्हा सत्ता दार उघडे ठेवील. दार बंद करून रस्त्यावर आलेल्यांना बंडखोर म्हणण्याचा अधिकार कोणत्याही सत्तेला नाही.

दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात ही जाणीव फार पूर्वी आलेली आहे. महाविजित राजाच्या राज्यात लूटमार माजते. सत्ता तिला 'दस्सुखील' म्हणते, म्हणजे देशात रुतलेला दस्यूंचा खिळा. राजाचा पुरोहित त्याला सांगतो की वध, कैद आणि हद्दपारी यांनी हा खिळा निघणार नाही. जे उरतील ते पुन्हा राज्याला पीडा देतील. शेती करणाऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला वेतन द्या. राजा तसे करतो आणि लोक घरांची दारे उघडी टाकून निर्धास्त राहू लागतात. ज्यांना राजा 'दस्यू' म्हणत होता त्यांच्याकडे उपजीविका नसलेली माणसे म्हणून पाहिले आणि उपाय सापडला. नाव बदलले म्हणून नव्हे, तर नावापलीकडचे कारण पाहिले म्हणून.

आमच्या मुलांना आम्ही हे सर्व शब्द शिकवू इच्छितो. एकही गाळू नये असे आम्हांला वाटते. बंड हा शब्द त्यांनी ओळखावा, म्हणजे तो कोण उच्चारत आहे हे त्यांना कळेल. दंगल हा शब्द ऐकला की मार कोणी खाल्ला आणि घर कोणाचे जळाले, हे त्यांनी आधी विचारावे. विद्रोहाची लाज बाळगू नये. आणि महाडला क्रांती म्हणावे, कारण त्या दिवशी माणसांनी एक पाऊल टाकले, तळ्याच्या पायऱ्यांवरून खाली, आणि ओंजळभर पाण्याने जुन्या जगाची हद्द ओलांडली. त्या पावलानंतर जे उभे राहिले त्याचे नाव समता. ते अजून पुरते उभे राहिलेले नाही. बांधकाम चालू आहे, आणि त्यात आमच्या मुलांच्याही वाट्याचे काम शिल्लक आहे.